शेवटचा पेपर कधी, एवढे आधी सांगा

पुण्यातील महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि परीक्षा विभागात काम करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

माझ्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले आहे. त्याच्या डिसेंबरच्या पानावर पेन्सिलीने काढलेली तीन वर्तुळे आहेत आणि त्यातली दोन खोडलेली आहेत. ती मी काढलेली नाहीत. माझ्या वरच्या खोलीत टांझानियाची एक मुलगी राहते, बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजातून परीक्षेबद्दल काही नवे ऐकून आली की ती खोडरबर घेऊन आधी त्या पानाकडे जाते. दोनदा खोडून तिथला कागद इतका पातळ झाला आहे की मागची जानेवारीची अक्षरे दिसू लागली आहेत.

त्या पानामुळेच हे पत्र लिहायला बसले.

मी कोथरूडला राहते. मराठी माध्यमाच्या शाळेत 31 वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले. यजमान गेले, मुलगा बेंगळुरूला, वरच्या दोन खोल्या रिकाम्या. 2012 पासून तिथे परदेशातून शिकायला आलेली मुले राहतात. आतापर्यंत नऊ जण राहून गेले. सुदानचे, येमेनचे, एक अफगाणिस्तानचा आणि आता ही. त्यांच्या सगळ्या सेमिस्टरांचे शेवट मी जवळून पाहिले आहेत. शिक्षिका होते, त्यामुळे परीक्षेच्या दिवसांतली धांदल मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. वेळापत्रक लावताना काय होते, पर्यवेक्षक कमी पडले की काय होते, आयत्या वेळी प्रश्नपत्रिकेचा गठ्ठा उशिरा आला की पोटात कसा गोळा येतो, हे मला कुणी सांगायला नको. तुमच्या कामाबद्दल मनात आदर आहे म्हणूनच लिहिते आहे.

पुण्यातल्या मुलाला सेमिस्टरचा शेवट म्हणजे सबमिशन, डिफॉल्टरच्या, म्हणजे काम अपुरे राहिलेल्यांच्या, यादीची धास्ती, अप्पा बळवंत चौकातून आणलेले जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच, अभ्यासिकेतली खुर्ची आणि रात्री मित्रांबरोबरचा चहा. वरच्या खोलीतल्या मुलांनाही हे सगळे चुकत नाही. तीही जर्नल पूर्ण करतात, सह्यांसाठी स्टाफरूमबाहेर उभी राहतात, झेरॉक्सच्या दुकानात रांग लावतात. पण त्यांच्या परीक्षेला आणखी चार तारखा बांधलेल्या असतात. व्हिसा संपण्याची तारीख, पासपोर्ट संपण्याची तारीख, घराच्या 11 महिन्यांच्या कराराची तारीख आणि परतीच्या विमानाची तारीख. यातली कुठलीही तारीख त्यांच्या हातात नाही. आणि या चारही ज्या एका खुंटीवर टांगलेल्या आहेत ती खुंटी तुमच्याकडे आहे: शेवटचा पेपर कधी, आणि निकाल कधी.

हे कसे होते ते जरा सविस्तर सांगते, कारण शिक्षक असूनही मला हे पहिली दोन वर्षे माहीत नव्हते. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलाने आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते. तो राहायला आला की घरमालकाने 24 तासांत पोलिसांना कळवायचे असते. आम्ही त्याला सी-फॉर्म म्हणतो आणि मी तो स्वतः भरते. 2018 पासून नोंदणीचे आणि मुदतवाढीचे बरेचसे काम ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या, पोर्टलवर होते, ते सोयीचे आहे. पण मुदतवाढीसाठी पोर्टल कागद मागते. त्यात कॉलेजचे बोनाफाईड, म्हणजे तिथे शिकत असल्याचा दाखला, लागते आणि राहत्या घराचा करार लागतो. कराराची मुदत संपली असेल तर तो नवा करून नोंदवावा लागतो, आणि नोंदणी करणारा एजंट आधी चालू व्हिसा दाखवा म्हणतो. व्हिसासाठी बोनाफाईड, बोनाफाईडसाठी निकाल, करारासाठी व्हिसा, व्हिसासाठी करार. हे चक्र दर वर्षी जून-जुलैत माझ्या घरात फिरते. एक निकाल वेळेवर लागला तर ते आठ दिवसांत सुटते. नाही लागला तर वीस वर्षांचे पोर रोज सकाळी उठून मोबाइलवर निकालाचे पान उघडून पाहते.

शिवाय विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. परीक्षा महिनाभर पुढे गेली तर त्या महिन्याचे भाडे, खाणे, बसभाडे घरूनच यायचे असते. आपल्याला वाटते, फी डॉलरमध्ये भरतात, सुखवस्तू असणार. माझ्याकडच्या नऊ जणांपैकी दोघे तसे होते. एकाच्या शिक्षणासाठी वडिलांनी ट्रक विकला होता. एकीची फी तीन मामा मिळून भरत.

आता त्या मुलाविषयी लिहिते, ज्याच्यामुळे हे सगळे मला नुसते गैरसोयीचे वाटेनासे झाले.

तो सुदानचा, ओम्दुर्मानचा. खार्टूमच्या समोर, नाईलच्या पलीकडच्या काठावरचे ते शहर. पांढरी नाईल आणि निळी नाईल तिथे एकत्र येतात. आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्याला आपला मुळा-मुठेचा संगम दाखवायला नेले होते. तो बराच वेळ पुलावरून खाली पाहत उभा राहिला आणि म्हणाला, “तुमची नदी लहान आहे, पण तिनेही असेच केले आहे.” बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला होता. शाळा सगळी अरबीतून, त्यामुळे इंग्रजी बोलता यायचे पण तीन तास हाताने लिहायची सवय नाही. उजवीकडून डावीकडे लिहिणारा हात, तो डावीकडून उजवीकडे लिहिताना लवकर दुखायचा. मी त्याला शाळेतल्या मुलांसारखे घड्याळ लावून बसवत असे. पाच मार्कांना किती मिनिटे, दहा मार्कांना किती, टिपा लिहा म्हटले की किती ओळी. पहिल्या सेमिस्टरला पुरवणी मागायची असते हेच त्याला माहीत नव्हते. उत्तरपत्रिका संपली म्हणून शेवटचा प्रश्न सोडून आला होता.

आमची खरी ओळख झाली ती ज्वारीवरून. एकदा मी गिरणीतून पीठ आणले, पिशवी ओट्यावर होती. त्याने चिमूटभर पीठ बोटांवर घेतले, वास घेतला आणि “दुरा!” असे जवळजवळ ओरडलाच. सुदानात ज्वारी रोजच्या खाण्यातली. तिचे पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतात, त्याला किस्रा म्हणतात, दिसायला आपल्या घावनासारखे. त्या दिवसापासून त्याला भाकरी परकी राहिली नाही. अभ्यासाला रात्री बसला की भाकरी आणि ठेचा घेऊन बसायचा. मला हबूबा म्हणू लागला. त्यांच्याकडे आजीला तसे म्हणतात.

15 एप्रिल 2023, शनिवार. रमजान चालू होता, त्याचा उपवास होता. सोमवारी प्रॅक्टिकल होते. तो खाली माझ्या जेवणाच्या टेबलावर जर्नलची अनुक्रमणिका लिहीत बसला होता, कारण वरच्या खोलीत उन्हाने बसवत नव्हते. दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास फोन आला. तिकडे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे सकाळचे नऊ. फोनवर आई होती, आणि आईच्या आवाजामागे गोळ्यांचा आवाज होता. सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात त्या सकाळी खार्टूममध्ये लढाई सुरू झाली, ती पुढे देशभर पसरली. फोन तुटला. पुढचे सहा तास लागला नाही. त्या सहा तासांत त्याने काय केले असेल? जर्नल पूर्ण केले. मी म्हटले, राहू दे रे. तो म्हणाला, “हबूबा, हे तरी माझ्या हातात आहे.”

सोमवारी तो प्रॅक्टिकलला गेला. स्लिप उचलली, प्रोग्राम लिहिला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली. पण जर्नलमध्ये एका प्रयोगावर सही राहिली होती, म्हणून नाव डिफॉल्टरच्या यादीत गेले. सही करणारे सर रजेवर होते. ते चार दिवसांनी आले, सही झाली, तेवढे मिटले. मग फीचा दुसरा हप्ता आला. तो घरून यायचा होता आणि घरच्या बँका बंद होत्या. तिथे पैसे असूनही इथे पाठवायला मार्ग नव्हता. हप्ता नाही म्हणून हॉल तिकीट अडले. मी त्याच्याबरोबर ऑफिसात गेले. कॉलेजचे नाव लिहीत नाही, कारण मला तक्रार नोंदवायची नाही आणि अशा गोष्टी एकाच कॉलेजात होतात असेही नाही. खिडकीत सांगितले गेले की नियम आहे. नियम आहेच. मी शाळेत असते तर कदाचित मीही तेच सांगितले असते.

दरम्यान वेळापत्रक दोनदा बदलले. पहिला पेपर आधी एका आठवड्यात होता, मग दहा दिवस पुढे गेला, मग एक पेपर पुन्हा सरकला. इतर मुलांना तेवढाच अभ्यासाला वेळ मिळाला. त्याच्यासाठी तो घरच्यांच्या फोनची वाट पाहण्याचा वेळ होता. आई आणि दोन बहिणी ओम्दुर्मान सोडून बसने वाद मदनी या सुदानमधल्याच दुसऱ्या शहराला निघाल्या होत्या आणि रस्त्यात फोन लागत नव्हता. याला कळत नव्हते की अभ्यास करावा, पैशांची सोय बघावी की सगळे सोडून निघून जावे. निघून जायचे तरी कुठे? खार्टूमचा विमानतळ बंद होता. आपल्या सरकारने तिकडे अडकलेल्या भारतीयांना ऑपरेशन कावेरीतून परत आणले. त्यातले काही जण मुंबईला उतरले, ते याने माझ्याच टीव्हीवर पाहिले. बघून म्हणाला, “ते घरी आले. छान झाले.” त्याच्या मनात दुसरे काही नव्हते, आणि मला मात्र तिथे बसवेना.

हॉल तिकीट शेवटी मिळाले. ऑफिसात एक ज्येष्ठ बाई होत्या. त्यांनी आमच्याकडून हमीपत्र लिहून घेतले, आदल्या संध्याकाळी सहानंतर स्वतः प्राचार्यांच्या घरी जाऊन सही आणली आणि फोन करून सांगितले, “उद्या सकाळी साडेनऊला या, हॉल तिकीट माझ्या टेबलावर आहे.” त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या एखाद्या कॉलेजात दुसरा एखादा सुदानी मुलगा असेल, त्याच्या ऑफिसात अशा बाई नसतील, तर त्याचे काय झाले असेल, हे माझ्या मनातून जात नाही. चांगल्या माणसावर सोडून दिलेली व्यवस्था एखाद्याला तारते, आणि एखाद्याला ती कधी भेटतच नाही.

पेपर झाले. निकाल रखडला. व्हिसा जुलैअखेर संपत होता आणि पुढच्या वर्षाचे बोनाफाईड निकाल लागल्याशिवाय देता येणार नाही असे सांगण्यात आले. पासपोर्टचीही वर्षभराचीच मुदत राहिली होती आणि खार्टूममधली सरकारी कचेरी बंद पडल्याने नूतनीकरण होत नव्हते. त्या दोन महिन्यांत त्या मुलाने किती वेळा विचारले असेल, “हबूबा, मी आता बेकायदेशीर होणार का?” बेकायदेशीर हा शब्द त्याने माझ्याकडूनच मराठीत शिकून घेतला होता. जो मुलगा लढाई सुरू झाली त्या दुपारी जर्नल पूर्ण करतो, त्याला एका कागदापायी हा शब्द उच्चारावा लागला.

त्याच वर्षी डिसेंबरात, पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या मध्यात, वाद मदनीही पडले. 18 डिसेंबरला निमलष्करी दल तिथे शिरले आणि घरच्यांना पुन्हा निघावे लागले. दुसऱ्या दिवशी त्याचा पेपर होता. तो गेला, लिहून आला, पास झाला. पुढे पदवीही मिळाली. आता तो कैरोला आईजवळ आहे. मागच्या महिन्यात फोनवर विचारत होता की ज्वारीची भाकरी थापताना कडा का फाटतात. मी सांगितले, पाणी चांगले उकळलेले घे आणि पीठ भरपूर मळ.

हे सगळे अपवाद म्हणून सोडून द्यावे असे कुणी म्हणेल. लढाई रोज होत नाही, खरे आहे. पण माझ्या नऊ मुलांपैकी येमेनच्या दोघांच्या देशात लढाई होती. साना येथील विमानतळ 2016 पासून जवळजवळ सहा वर्षे प्रवासी विमानांना बंद होता. अफगाणिस्तानचा मुलगा होता तेव्हा 15 ऑगस्ट 2021 ला काबूल तालिबानच्या हाती गेले. आपल्याकडे शिकायला येणारी पुष्कळ मुले अशाच देशांतून येतात. तिकडे शिकणे अवघड झालेले असते म्हणूनच ती इथे येतात. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात 2021-22 साली देशात सुमारे 47 हजार परदेशी विद्यार्थी होते. त्यातले बरेच आपल्या शहरात आहेत. कोंढव्यात, विमाननगरात, औंधला बसथांब्यावर ती तुम्हालाही दिसत असतील.

या शहराला हे नवे नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे रेक्टर होते. मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून एक मुलगी आत काही देते आहे, हे त्यांच्या नजरेला पडले. नियमाला धरून नव्हते, म्हणून त्यांनी चौकशी केली. कळले की आतला मुलगा मॉरिशसचा, काविळीने अंथरुणाला खिळलेला, आणि ती मुलगी त्याच्यासाठी जेवण आणत होती. त्या एका प्रसंगातून पुढे 1971 मध्ये सिम्बायोसिस उभी राहिली. मला या गोष्टीत एकच गोष्ट फार मोलाची वाटते: नियम मोडलेला दिसल्यावर त्यांनी आधी कारण विचारले.

आता मागणे. माझे मागणे खरे तर एकच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. सेमिस्टर सुरू होताना एक वाक्य लिहून द्या: या सेमिस्टरचा शेवटचा पेपर अमुक तारखेनंतर होणार नाही. पूर्ण वेळापत्रक तेव्हा नको. कोणता विषय कोणत्या दिवशी ते नंतर ठरवा, आत हवे तसे पुढेमागे करा. फक्त बाहेरची एक रेघ आखून द्या आणि ती ओलांडू नका. ती रेघ मिळाली की मुलगा तिकीट काढू शकतो, घरमालक करार करू शकतो, व्हिसाचा अर्ज वेळेत जातो आणि सातासमुद्रापलीकडे कुणाची तरी आई कॅलेंडरवर पेनाने खूण करू शकते.

तुम्ही म्हणाल, तारखा विद्यापीठ ठरवते, मधेच निवडणूक येते, पाऊस येतो, परीक्षक मिळत नाहीत. म्हणूनच ती रेघ सैल आखा. पंधरा दिवस जास्तीचे धरा, वीस धरा. दहावीला राज्यभरात पंधरा लाखांच्या आसपास मुले बसतात आणि बोर्ड त्यांच्या तारखा काही महिने आधी जाहीर करते. मी त्या परीक्षांना वर्षानुवर्षे पर्यवेक्षक होते. गावोगावची केंद्रे, पोलीस बंदोबस्त, सगळे त्या तारखांभोवती उभे राहते. तारीख आधी ठरली की बाकीची माणसे आपले काम तिच्याप्रमाणे लावतात. तारीख शेवटी ठरली की प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते.

याच्या पाठोपाठ दोन लहान गोष्टी, ज्या पूर्णपणे कॉलेजच्या हातात आहेत. हा विद्यार्थी आमच्याकडे शिकतो आहे, त्याने परीक्षा दिली आहे, निकाल लागायचा आहे, असे लिहिलेले बोनाफाईड निकालाची वाट न पाहता द्या. त्यात खोटे काही नाही. जे आहे तेच लिहायचे आहे. आणि मे-जूनच्या सुट्टीत, दिवाळीत, ऑफिसातल्या एका माणसाचा फोन चालू राहील अशी सोय करा. मुदतवाढीच्या अर्जात काही त्रुटी निघाली तर उत्तर द्यायला थोडेच दिवस मिळतात आणि नेमके तेव्हा कॉलेज बंद असते. मागच्या दिवाळीत येमेनच्या मुलीच्या अर्जात शिक्का पुसट आला होता. नव्या शिक्क्यासाठी तिने अकरा दिवस काढले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही ती गेटपर्यंत जाऊन आली होती. रखवालदाराने तिला करंजी दिली. तो तरी बिचारा आणखी काय देणार?

ही मुले कोण, कुठली, हे शोधायला तुम्हाला वेगळे काम करावे लागणार नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला आहे आणि त्यात शिक्षणसंस्थांनी आपल्याकडच्या परदेशी विद्यार्थ्यांची माहिती सरकारला कळवायची आहे. म्हणजे यादी तुमच्याकडे आहेच. ज्या यादीवरून सरकारला माहिती जाते, त्याच यादीवरून या मुलांना सत्राच्या शेवटी एक पत्र जाऊ द्या: तुमचा शेवटचा पेपर अमुक तारखेला, बोनाफाईड अमुक खिडकीत मिळेल, अडचण आली तर या माणसाला फोन करा. चार ओळींचे पत्र. घरी लढाई, भूकंप, मृत्यू झाला असेल तर प्रॅक्टिकल किंवा अंतर्गत परीक्षा पुन्हा देण्यासाठी कुणाकडे जायचे, हेही त्यात लिहिले तर फारच बरे. त्या अवस्थेतल्या मुलाला पाच खिडक्या फिरवू नयेत.

परदेशी मुलांसाठी वेगळे लाड का, असेही कुणी विचारेल. माझ्या शेजारच्या बंगल्यात औसा तालुक्यातला मुलगा राहतो. पेपर पुढे गेला की त्याचेही एसटीचे आरक्षण वाया जाते, मेसचा महिना वाढतो, सोयाबीनच्या काढणीला घरी हात कमी पडतात. त्यालाही ती रेघ हवी आहे. मी मागते आहे ते सगळ्यांसाठीच आहे. फक्त ती नसल्याची किंमत परदेशातून आलेल्या मुलाला सर्वांत जास्त पडते, म्हणून त्याच्या बाजूने लिहिते आहे.

आता पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात येते. ही टांझानियाची मुलगी म्वांझाची, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठची. तिच्या स्वाहिलीत पैशाला पेसा म्हणतात, वाहनाला गारी, दुकानाला दुका, आणि चहाला चाय. जुन्या काळी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून असे शब्द समुद्रापलीकडे गेले. पहिल्या दिवशी माझे बोलणे ऐकून ती चकितच झाली होती. मला ती बीबी म्हणते, म्हणजे आजी. इथे आल्यापासून घरी गेलेली नाही. यंदा नाताळला जायचे आहे. मुंबईहून दार-एस-सलाम आणि तिथून पुढे म्वांझा. ऑक्टोबरात पाहून ठेवलेले तिकीट आता दीडपट झाले आहे आणि डिसेंबर जवळ येईल तसे आणखी वाढणार. आईने पैसे पाठवून ठेवले आहेत. तिकीट काढलेले नाही, कारण शेवटचा पेपर 12 ला की 19 ला की नाताळानंतर, हे तिला कुणी सांगू शकत नाही. तिच्या वर्गातल्या मुलांनी सांगितले, “काढून टाक, बदलले तर बघू.” बदलले तर तिचे एक वर्ष जाईल.

तिची तयारी चांगली आहे. कॉस्टिंगच्या गणितांत अडते, तेवढे मी बघते आहे. काल रात्री आम्ही दोघी साडेअकरापर्यंत बसलो होतो, तिने पाच पैकी चार उदाहरणे बरोबर सोडवली. उठताना तिने नेहमीप्रमाणे कालनिर्णयाकडे पाहिले आणि विचारले, “बीबी, तुम्ही शिक्षिका होतात. परीक्षेची तारीख तुम्हाला कधी कळायची?” मी म्हटले, “जून महिन्यात, शाळा उघडायच्या दिवशी.”

तिला ते खरे वाटले नाही. मला कपाटातून माझी 1998 सालची शाळेची डायरी काढून दाखवावी लागली. पहिल्याच पानावर शाईने लिहिलेले आहे: प्रथम सत्र परीक्षा समाप्त, 14 ऑक्टोबर. ती त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ पाहत होती. उद्या ती पुन्हा कॉलेजच्या बोर्डापाशी जाईल. पेन्सिल आणि खोडरबर मी फ्रिजवर ठेवले आहे. यंदा तुमच्यापैकी कुणी तिला पेन देऊ शकेल का?

आपली,
कोथरूडची एक निवृत्त शिक्षिका